तारीख बरोबर, पण कॅलेंडर कोणतं?

रशियातली ऑक्टोबर क्रांती कोणत्या महिन्यात झाली? प्रश्नमंजुषेत हा प्रश्न आला की उत्तर प्रश्नातच आहे असं समजून अनेकजण हसतात आणि तिथेच फसतात. उत्तर आहे नोव्हेंबर. दुसरा प्रश्न: शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस या दोघांच्या मृत्यूची तारीख २३ एप्रिल १६१६ अशी सांगतात, मग ते एकाच दिवशी गेले का? नाही, दोघांच्या मृत्यूत दहा-अकरा दिवसांचं अंतर आहे. तिसरा: ३० फेब्रुवारी ही तारीख कधी उजाडली होती का? हो, स्वीडनमध्ये, १७१२ साली.

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हे प्रश्न वेगवेगळ्या पानांवर सापडतात. एक इतिहासात, एक साहित्यात, एक 'गमतीदार माहिती'त. पण तिन्हींची मेख एकच आहे. आकाशात तारखा लिहिलेल्या नसतात. तिथे असतात दिवस, चंद्राच्या कला आणि ऋतूंचं चक्र, आणि या तिघांचा एकमेकांशी हिशेब जुळत नाही. तो जुळवायला माणसांनी केलेली तडजोड म्हणजे कॅलेंडर. तडजोड म्हटली की ती कोणी करायची हा वाद आलाच, त्यामुळे पुरोहित, सम्राट, पोप, राजे, क्रांतिकारक असे सगळे त्यात उतरले.

आधी आकडे बघू. एका वसंतसंपातापासून (मार्चमधला दिवस-रात्र सारखे असण्याचा क्षण) पुढच्या वसंतसंपातापर्यंत सुमारे ३६५.२४२२ दिवस जातात. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस. बारा पौर्णिमांचे झाले ३५४ दिवस आणि वर थोडे तास. म्हणजे चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी तोकडं. यावर करता येण्यासारख्या गोष्टी तीनच.

पहिली, सूर्याला सोडून फक्त चंद्र धरायचा. इस्लामी हिजरी कॅलेंडर असं आहे. महंमद पैगंबरांनी ६२२ मध्ये मक्केहून मदिनेला स्थलांतर केलं ते वर्ष आरंभ मानून ही गणना खलिफा उमर यांच्या काळात सुरू झाली. अधिकमास धरायची जुनी अरबी पद्धत इस्लामने बंद केली, म्हणून रमजान दरवर्षी ११ दिवस अलीकडे सरकत सरकत सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. २०३० मध्ये तर रमजान दोनदा सुरू होणार आहे, जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा.

दुसरी, चंद्रही ठेवायचा आणि सूर्यही, आणि मागे पडलं की एक अख्खा महिना मध्ये घालायचा. ज्यू आणि चिनी कॅलेंडरं याच जातीची. यातला सगळ्यात देखणा हिशेब मेटन या अथेन्सच्या ज्योतिर्विदाच्या नावाने ओळखला जातो, इ.स.पू. ४३२ मधला. १९ सौर वर्षं म्हणजे ६,९३९.६० दिवस. २३५ चांद्रमास म्हणजे ६,९३९.६९ दिवस. एकोणीस वर्षांत फरक जेमतेम दोन तासांचा! आता १९ वर्षांचे साधे महिने २२८. २३५ व्हायला ७ कमी पडतात. म्हणून १९ वर्षांत ७ अधिकमास. ज्यू कॅलेंडर आजही याच हिशेबाने चालतं.

तिसरी, चंद्राला रजा देऊन फक्त सूर्य धरायचा. इजिप्तने हे केलं, पण वर्ष नेमकं ३६५ दिवसांचं ठेवलं, त्यामुळे दर चार वर्षांनी एक दिवस घसरत गेला. आपण भिंतीवर लावतो ते कॅलेंडर याच वाटेने आलंय, मात्र मध्ये रोमच्या राजकारणातून तावूनसुलाखून.

रोमचा सावळा गोंधळ

रोमचं जुनं वर्ष ३५५ दिवसांचं होतं. तूट भरून काढायला अधूनमधून फेब्रुवारीत एक जादा महिना घालायचे. तो कधी घालायचा हे ठरवण्याचा अधिकार पुरोहित मंडळाकडे, आणि हे पुरोहित म्हणजे देवळात बसणारे भटजी नव्हते, तर सक्रिय राजकारणी होते. रोममध्ये अधिकारपदं एकेका वर्षाची असत. त्यामुळे आपला माणूस पदावर असेल तर वर्ष लांबवायचं आणि विरोधक असेल तर जादा महिना विसरून जायचं, असे उद्योग चालत. गंमत म्हणजे ज्युलियस सीझर स्वतःच इ.स.पू. ६३ पासून या मंडळाचा प्रमुख होता. पण तो गॉलच्या मोहिमेत आणि मग यादवी युद्धात अडकला, आणि जादा महिने राहूनच गेले. शेवटी कॅलेंडर ऋतूंच्या इतकं पुढे पळालं की जानेवारी शरद ऋतूत येऊ लागला.

इ.स.पू. ४६ मध्ये सीझरने हे निस्तरलं. फेब्रुवारीत २३ दिवसांचा जादा महिना, नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या मध्ये आणखी ६७ दिवस. ३५५ अधिक ९०, म्हणजे ते वर्ष भरलं ४४५ दिवसांचं. इतिहासातलं सर्वांत लांब वर्ष कोणतं, या प्रश्नाचं उत्तर हेच. पुढच्या वर्षापासून अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनीसच्या सल्ल्याने नवी पद्धत लागू झाली: वर्ष ३६५ दिवसांचं, दर चौथ्या वर्षी एक दिवस जादा. तो जादा दिवस २९ फेब्रुवारी नव्हता बरं का. रोमन लोक २४ फेब्रुवारीच दोनदा मोजायचे.

नियम इतका सोपा, तरी पहिल्याच फटक्यात चुकला. सीझरची हत्या झाली इ.स.पू. ४४ मध्ये, आणि मागे राहिलेल्या पुरोहितांनी 'दर चौथ्या वर्षी' याचा अर्थ रोमन पद्धतीने लावला. रोमन मोजणीत सुरुवातीचा आकडाही धरतात. समजा या वर्षी लीप वर्ष झालं. आपण पुढचं वर्ष एक, त्यापुढचं दोन असं मोजून चौथ्यावर थांबू. रोमन माणूस याच वर्षाला एक म्हणणार आणि त्याचं चौथं वर्ष आपल्या तिसऱ्या वर्षीच येणार. छत्तीस वर्षांत नऊऐवजी बारा लीप वर्षं झाली, तेव्हा कुठे हे कुणाच्या तरी लक्षात आलं. मग ऑगस्टसने पुढची काही लीप वर्षं गाळून हिशेब जुळवला. इसवी सन ८ पासून गाडी रुळावर आली.

ऑगस्टसचा विषय निघालाच आहे तर एक लाडकी दंतकथा मोडीत काढायला हवी. जुलै सीझरचा, ऑगस्ट ऑगस्टसचा, आणि आपला महिना सीझरच्या महिन्यापेक्षा लहान नको म्हणून ऑगस्टसने फेब्रुवारीतला एक दिवस चोरला, ही गोष्ट शाळेपासून ऐकवली जाते. ऐकायला झकास, पण खोटी. ऑगस्टसचं नाव त्या महिन्याला मिळालं इ.स.पू. ८ मध्ये, त्याआधी सीझरच्या सुधारणेतच तो महिना ३१ दिवसांचा झाला होता आणि फेब्रुवारी तर सीझरच्याही आधीपासून २८ दिवसांचा होता. ही कथा तेराव्या शतकातल्या सॅक्रोबोस्को या विद्वानाच्या लिखाणातून पसरली आणि आजतागायत प्रश्नसंचांत मुक्काम ठोकून आहे.

अकरा मिनिटांचा प्रश्न

सीझरचं वर्ष ३६५.२५ दिवसांचं, खरं वर्ष ३६५.२४२२ दिवसांचं. फरक वर्षाला ११ मिनिटं आणि काही सेकंद. कोणाच्या आयुष्यात याने काय बिघडणार? काहीच नाही. पण १२८ वर्षांत तो एक पूर्ण दिवस होतो, आणि चर्चसारखी संस्था शतकांच्या मापाने विचार करते.

चर्चला काळजी होती ईस्टरची. ३२५ साली नायसियाच्या धर्मपरिषदेने सर्व ख्रिस्ती लोकांनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा असं ठरवलं. पुढे रूढ झालेला नियम असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि त्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या मर्यादेत कुठेही येऊ शकतो. एकाच सणात सूर्य, चंद्र आणि आठवड्याचा वार अशा तिघांनाही बांधलंय. यातला २१ मार्च म्हणजे वसंतसंपात असं गृहीत होतं. सोळाव्या शतकापर्यंत खरा संपात ११ मार्चच्या आसपास आला होता. ईस्टर हळूहळू उन्हाळ्याकडे सरकत होता.

हे दुखणं सगळ्यांना माहीत होतं, औषध सापडत नव्हतं. १५१४ च्या सुमारास कोपर्निकसलाही सल्ला विचारला गेला होता. सूर्य-चंद्राच्या गती अजून पुरेशा अचूक ठाऊक नाहीत, तोवर सुधारणा करता येणार नाही, अशी त्याची भूमिका होती. सूर्यकेंद्री सिद्धांताचा ग्रंथ १५४३ मध्ये छापताना त्याने तो पोपलाच अर्पण केला आणि प्रस्तावनेत कॅलेंडरच्या या प्रश्नाचाही उल्लेख केला. १६१६ मध्ये चर्चने तोच ग्रंथ दुरुस्त होईपर्यंत निषिद्ध ठरवला. शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस गेले तेच हे वर्ष.

अखेर उपाय सुचला तो कॅलाब्रियातल्या अलॉयशियस लिलियस या वैद्याला. १५७६ मध्ये तो वारला. त्याचा मसुदा भावाने रोमला पोचवला आणि ख्रिस्तोफर क्लेव्हियस या जेझुइट गणितज्ञाने त्याची बाजू लावून धरली. उपाय सोपा होता. शतकाच्या वर्षाला (१७००, १८००, १९००) लीप धरायचं नाही, अपवाद फक्त ४०० ने भाग जाणाऱ्या वर्षाचा. म्हणून १६०० आणि २००० लीप, पण १९०० नाही. ४०० वर्षांत १०० ऐवजी ९७ लीप वर्षं, म्हणजे वर्षाची सरासरी ३६५.२४२५ दिवस. आता चूक वर्षाला अर्ध्या मिनिटापेक्षा कमी, एक दिवस चुकायला तीन हजारांहून जास्त वर्षं लागणार.

मागची चूक मात्र एकदम भरून काढायची होती. पोप तेरावे ग्रेगरी यांनी २४ फेब्रुवारी १५८२ च्या आज्ञापत्राने जाहीर केलं की ४ ऑक्टोबर, गुरुवार, याच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर, शुक्रवार येईल. दहा तारखा गायब झाल्या. वार मात्र चुकला नाही. गुरुवारनंतर शुक्रवारच आला. दहाच का? कारण कॅलेंडर नायसियाच्या वेळच्या संपाताशी जुळवायचं होतं. सीझरच्या काळापासूनचा हिशेब धरला असता तर आणखी दोन-तीन दिवस गाळावे लागले असते.

त्याच रात्री स्पेनमध्ये संत तेरेसा ऑफ आविला यांचं निधन झालं. ४ ऑक्टोबरची रात्र होती, सकाळ उजाडली ती १५ ऑक्टोबरची. त्यांचा स्मृतिदिन आजही १५ ऑक्टोबरला असतो. 'एका रात्रीत मृत्यूच्या दोन तारखा अकरा दिवसांच्या अंतराने' असं कोडं कुणी घातलं तर उत्तर हे.

पोपचं ऐकायचं की सूर्याचं?

इथून पुढे विज्ञान संपतं आणि राजकारण सुरू होतं. माझ्या मते सगळ्यात रंजक भाग हाच. पोपची आज्ञा चर्चपुरती. राज्याचं कॅलेंडर बदलायचं तर राजाने हुकूम काढायला हवा. स्पेन, पोर्तुगाल, पोलंड आणि इटलीतली बहुतेक राज्यं लगेच बदलली. फ्रान्सने डिसेंबर १५८२ मध्ये ९ तारखेनंतर २० तारीख आणली. प्रोटेस्टंट देशांना गणित पटत होतं, गणित कुणाकडून आलं ते पटत नव्हतं. जर्मनीतल्या प्रोटेस्टंट राज्यांनी १७०० पर्यंत वाट पाहिली, ब्रिटनने १७५२ पर्यंत, रशियाने १९१८ पर्यंत, ग्रीसने १९२३ पर्यंत.

म्हणजे जवळजवळ साडेतीनशे वर्षं युरोपात एकाच दिवसाच्या दोन तारखा चालू होत्या. सामान्यज्ञानातले अर्धे पेच इथेच तयार झाले.

शेक्सपिअर २३ एप्रिल १६१६ ला गेला तो इंग्लंडच्या जुन्या, म्हणजे ज्युलियस सीझरच्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे. त्या दिवशी स्पेनमध्ये ३ मे होती. सर्व्हांटिस माद्रिदमध्ये बहुधा २२ एप्रिललाच वारला होता. २३ ही त्याच्या दफनाची तारीख. युनेस्कोने १९९५ मध्ये २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन ठरवला तो या तारखेच्या मानानेच.

न्यूटनचं प्रकरण याहून मजेदार आहे. 'गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला' हे वाक्य ठिकठिकाणी वाचायला मिळतं. गॅलिलिओ इटलीत वारला ८ जानेवारी १६४२ ला, नव्या कॅलेंडरप्रमाणे. न्यूटन इंग्लंडमध्ये जन्मला २५ डिसेंबर १६४२ ला, जुन्या कॅलेंडरप्रमाणे. आता दोघांनाही नव्या कॅलेंडरमध्ये बसवा: न्यूटनच्या तारखेत दहा दिवस मिळवले की ४ जानेवारी १६४३. वर्ष चुकलं. दोघांनाही जुन्या कॅलेंडरमध्ये बसवा: गॅलिलिओच्या तारखेतून दहा दिवस वजा केले की २९ डिसेंबर १६४१. पुन्हा वर्ष चुकलं. कोणतंही एकच कॅलेंडर घेतलं तरी ते वाक्य खरं होत नाही. एकाची तारीख या कॅलेंडरमधून आणि दुसऱ्याची त्या कॅलेंडरमधून उचलली तरच होतं. त्यापेक्षा स्टीफन हॉकिंगचा योगायोग पक्का आहे. त्याचा जन्म ८ जानेवारी १९४२ चा, गॅलिलिओच्या मृत्यूनंतर बरोबर ३०० वर्षांनी, आणि दोन्ही तारखा एकाच कॅलेंडरमधल्या.

ब्रिटनने १७५२ मध्ये बदल केला तेव्हा फरक ११ दिवसांचा झाला होता, कारण १७०० हे वर्ष जुन्या पद्धतीत लीप होतं आणि नव्या पद्धतीत नव्हतं. २ सप्टेंबर, बुधवारनंतर १४ सप्टेंबर, गुरुवार आला. 'आमचे अकरा दिवस परत द्या' म्हणत लोकांनी दंगली केल्या असं सांगतात, पण अशा दंगलींचा समकालीन पुरावा नाही. होगार्थ या चित्रकाराच्या १७५५ च्या एका निवडणूक-चित्रात तसा फलक दिसतो आणि बहुधा तिथूनच ही कथा जन्मली. कायदा करणाऱ्यांनी भाडं, व्याज, करारांच्या मुदती यांची काळजी घेतली होती. देणी पूर्ण दिवस भरल्यावरच द्यायची होती.

त्याच कायद्याने आणखी एक बदल केला, जो सहसा विसरला जातो. इंग्लंडचं कायदेशीर वर्ष तोवर २५ मार्चला सुरू व्हायचं. ते १ जानेवारीवर आणल्यामुळे १७५१ हे वर्ष फक्त २८२ दिवसांत आटोपलं. आता जॉर्ज वॉशिंग्टन बघा. जन्माची नोंद ११ फेब्रुवारी १७३१. नव्या पद्धतीत दिवस पुढे गेला, शिवाय फेब्रुवारी मार्चच्या आधी येत असल्याने वर्षही पुढे गेलं: २२ फेब्रुवारी १७३२. माणूस तोच, जन्मही एकदाच, पण नोंदीत वर्षभराचा फरक.

स्वीडनने मात्र शहाणपणाचा अतिरेक केला. एकदम अकरा दिवस गाळण्याऐवजी १७०० ते १७४० मधली सगळी लीप वर्षं गाळायची, म्हणजे हळूच नव्या कॅलेंडरवर पोचू, अशी योजना. १७०० मध्ये लीप दिवस गाळला. मग रशियाशी मोठं युद्ध पेटलं आणि १७०४ व १७०८ मध्ये गाळायचं राहूनच गेलं. आता स्वीडन ज्युलियनच्या एक दिवस पुढे आणि ग्रेगोरियनच्या, म्हणजे पोप ग्रेगरींच्या नव्या कॅलेंडरच्या, दहा दिवस मागे, जगात एकटाच. कंटाळून बाराव्या चार्ल्स राजाने ज्युलियनवर परत जायचं ठरवलं, आणि गाळलेला एक दिवस परत आणायला १७१२ च्या फेब्रुवारीला २९ नंतर ३० तारीख दिली. शेवटी १७५३ मध्ये त्यांनीही सगळ्यांसारखं एका उडीत काम उरकलं.

रशियात पीटर द ग्रेटने १ जानेवारी १७०० पासून इसवी सन सुरू केला. तोवर तिथे जगाच्या उत्पत्तीपासून मोजून ७२०८ वं वर्ष चालू होतं. पण कॅलेंडर ज्युलियनच राहिलं. म्हणून १९१७ मधली पेट्रोग्राडची बोल्शेविक क्रांती तिथल्या २५ ऑक्टोबरला झाली, तेव्हा बाकी जगात ७ नोव्हेंबर होता. त्याआधीची फेब्रुवारी क्रांतीही अशीच मार्चमधली: २३ फेब्रुवारीला पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, आणि ती तारीख नव्या कॅलेंडरप्रमाणे ८ मार्च, म्हणजे महिला दिन. लेनिनच्या सरकारने १९१८ मध्ये ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी आणली. ऑक्टोबर क्रांतीची संचलनं मग दरवर्षी ७ नोव्हेंबरला निघू लागली.

कॅलेंडरही बदलून टाकू

सगळ्यांनी चालू कॅलेंडर दुरुस्तच केलं असं नाही. फ्रेंच राज्यक्रांतीने ते फेकूनच दिलं. १७९३ मध्ये लागू केलेल्या प्रजासत्ताक कॅलेंडरमध्ये वर्ष एक मोजलं गेलं २२ सप्टेंबर १७९२ पासून. महिने सगळे तीस दिवसांचे, आठवडा दहा दिवसांचा, वर उरलेले पाच किंवा सहा दिवस उत्सवाचे. रविवार गेला म्हणजे चर्चही जाईल, हा हेतू त्यात उघड होता. महिन्यांना धुकं, बर्फ, कोंब, उष्मा अशी ऋतूंवरून नावं दिली फाब्र देग्लांतीन या कवीने. ५ एप्रिल १७९४ ला त्याच क्रांतीने त्याला गिलोटिनखाली पाठवलं, त्यानेच नाव दिलेल्या जर्मिनाल महिन्यात. कामकऱ्यांना सातव्याऐवजी दहाव्या दिवशी सुट्टी मिळू लागली, तेव्हा या सुधारणेवर कोण खूश होतं हे वेगळं सांगायला नको. नेपोलियनने सत्ता घेतली तो दिवस '१८ ब्रूमेर' म्हणून इतिहासात आहे, म्हणजे ९ नोव्हेंबर १७९९. आणि त्यानेच १ जानेवारी १८०६ पासून हे कॅलेंडर रद्द केलं. सोव्हिएत रशियानेही १९२९ पासून पाच आणि मग सहा दिवसांचे आठवडे करून बघितले. पाचाच्या पद्धतीत प्रत्येक कामगाराला एक रंग नेमून दिलेला, त्या रंगाच्या दिवशी सुट्टी. नवऱ्याचा रंग एक, बायकोचा दुसरा. १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा परत आला.

कवी आणि कॅलेंडर यांचं नातं निघालंच आहे तर उमर खय्यामला वगळून कसं चालेल? मद्य आणि क्षणभंगुरता यांवरच्या रुबायांमुळे जग त्याला ओळखतं, पण तो पोटापाण्याने ज्योतिर्विद आणि गणितज्ञ. सुलतान मलिकशाहच्या आश्रयाने इस्फहानला जमलेल्या ज्या ज्योतिर्विदांनी १०७९ चं जलाली कॅलेंडर घडवलं त्यांत तो होता. ग्रेगरीच्या पाचशे वर्षं आधीचं हे काम. त्यात वर्षाचा आरंभ प्रत्यक्ष वसंतसंपाताला बांधलेला होता आणि आजचं इराणी कॅलेंडरही त्याच परंपरेतलं. खय्यामच्या रुबाया मराठीत आणणारे कवी माधव ज्युलियन. त्यांच्या नावातल्या ज्युलियनचा सीझरशी काही संबंध नाही, पण योगायोग मोठा गोड आहे.

शून्य नसलेलं गणित

तारखांइतकाच वर्षांचाही घोळ आहे. इसवी सनाची कल्पना ५२५ मध्ये डायोनिसियस एक्झिगस या रोममधल्या साधूने ईस्टरचे तक्ते करताना मांडली. त्याच्या गणनेत शून्य वर्ष नाही, इ.स.पू. १ संपलं की लगेच इ.स. १. म्हणून इ.स.पू. ५ मध्ये जन्मलेला माणूस इ.स. ५ मधल्या वाढदिवसाला दहा वर्षांचा नसतो, नऊचा असतो. म्हणूनच एकविसावं शतक १ जानेवारी २००१ ला सुरू झालं, जरी फटाके जगाने वर्षभर आधीच उडवले. शिवाय डायोनिसियसचा अंदाजही थोडा चुकलेला दिसतो. बायबलप्रमाणे येशूचा जन्म हेरॉद राजाच्या हयातीत झाला आणि बहुसंख्य इतिहासकारांच्या मते हेरॉद इ.स.पू. ४ मध्ये वारला. म्हणजे ख्रिस्त जन्मला ख्रिस्तपूर्व काळात.

ग्रेगोरियन कॅलेंडरच्या पोटात आणखी एक चमत्कारिक गोष्ट दडलीय. ४०० वर्षांचे दिवस होतात १,४६,०९७ आणि त्याला ७ ने पूर्ण भाग जातो: २०,८७१ आठवडे. म्हणजे दर ४०० वर्षांनी तारखा आणि वार तसेच्या तसे परत येतात. या चक्रात १३ तारीख ४,८०० वेळा येते. सातही वारांना सारखी वाटणी होत नाही, आणि सर्वांत जास्त वेळा, ६८८ वेळा, ती शुक्रवारी येते. पाश्चात्त्यांना अशुभ वाटणारी जोडी गणितानेही थोडी जास्तच वाट्याला घातलीय.

शतकाच्या लीप वर्षाचा नियम यंत्रांनाही चकवतो. एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख टाकून बघा. ती निमूट स्वीकारली जाते, वास्तविक असा दिवस झालाच नाही. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममधली चूक त्याच्या फायली चालाव्यात म्हणून जाणूनबुजून तशीच ठेवली गेली.

जुनी युरोपीय तारीख नव्या कॅलेंडरमध्ये आणायची तर कोष्टक छोटंच आहे. १५८२ ते फेब्रुवारी १७०० पर्यंत १० दिवस मिळवायचे, त्यापुढे फेब्रुवारी १८०० पर्यंत ११, फेब्रुवारी १९०० पर्यंत १२, आणि तिथून आजपर्यंत १३. आज हा १३ दिवसांचा फरक कुठे दिसतो, तर रशिया, सर्बिया, जॉर्जिया इथल्या ऑर्थोडॉक्स चर्चांच्या ख्रिसमसमध्ये. त्यांचा २५ डिसेंबर आपल्या ७ जानेवारीला येतो. युक्रेनने २०२३ मध्ये ख्रिसमसची सुट्टी कायद्याने २५ डिसेंबरवर आणली. युद्धाच्या काळात रशियापासून एक धागा तोडण्याचाच तो भाग होता. काही ऑर्थोडॉक्स चर्चांनी १९२० च्या दशकात तिसरी वाट धरली. हिमयुगांच्या चक्रांसाठी प्रसिद्ध असलेले सर्बियन शास्त्रज्ञ मिलुटिन मिलान्कोविच यांनी सुचवलेलं ते कॅलेंडर ग्रेगोरियनपेक्षाही अचूक आहे आणि २८०० सालापर्यंत दोन्हींत एका दिवसाचाही फरक पडत नाही.

त्याआधीचा टप्पा २१०० चा. ते वर्ष ग्रेगोरियनमध्ये लीप नाही, ज्युलियनमध्ये आहे. त्या मार्चमध्ये फरक १४ दिवसांचा होईल, आणि रशियन चर्च तोवर ज्युलियनवरच राहिलं तर २१०१ पासून तिथला ख्रिसमस ८ जानेवारीला येईल. ऑक्टोबर क्रांतीची तारीख मात्र बदलणार नाही, कारण फरक मोजायचा तो घटना घडली त्या वर्षाचा, आजचा नव्हे.